हिशेबाबाहेरचा ट्रेलर

डिसेंबर १९९६मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टन इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात मोठ्या मोटारींचं उत्पादन थांबलं. त्या घराण्यात ब्यूइक रोडमास्टर ही स्टेशन वॅगन होती. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वेगळ्या चॅसीवर बसवलेली लांबलचक बॉडी. टोइंगचं सामान बसवून घेतलं तर ५,००० पौंडांचा, म्हणजे सव्वादोन टनांहून थोडा जास्त ट्रेलर ती ओढू शकेल असं कंपनीच सांगत असे. कारखाना मात्र बंद झाला नाही. यंत्रसामग्री बदलली आणि पुढे तिथून टाहो आणि तिच्या जातकुळीतल्या भल्याथोरल्या एसयूव्ही बाहेर पडू लागल्या. त्या काळच्या टाहोतही ५.७ लिटरचंच व्ही-८ इंजिन असे. सरकारी हिशेबात मात्र दोन्ही गाड्यांचे रकाने निराळे होते. रोडमास्टर कंपनीच्या मोटारींच्या सरासरीत धरली जायची आणि ती सरासरी गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर भरावी लागायची. टाहो हलक्या ट्रकांच्या सरासरीत जायची आणि तिथे २०.७ मैलांवर, म्हणजे लिटरला ८.८ किलोमीटरवर भागत होतं. तोच ट्रेलर, तोच रस्ता, तेवढंच इंजिन. पण दुसऱ्या गाडीला सूट अधिक.

मोठी एसयूव्ही आणि तिच्यामागचा ट्रेलर ही अमेरिकेतली जोडी हौसेतून आणि ऐपतीतून जन्मली, आणि मग अभियंत्यांनी बटणं, मोड आणि दहा-दहा गिअर देऊन ती किफायतशीर केली, अशी एक सोयीची कथा सांगितली जाते. हौस आणि ऐपत खरी आहे. पण ओढकामाच्या अ‍ॅव्हरेजची जबाबदारी या इतिहासात कोणीच कधी घेतली नाही. कायद्याने एकट्या गाडीचा हिशेब धरला, नव्या गाडीच्या काचेवरच्या अ‍ॅव्हरेजच्या चिठ्ठीने ट्रेलरविना गाडीचा, आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने गिअरबॉक्सच्या प्रकृतीचा. ट्रेलर हवेला किती अडतो हा इंधनाचा कळीचा मुद्दा. तो तिन्हींतून निसटला.

गोष्ट सुरू झाली तेव्हा हवेकडे लक्ष होतं. १९३४मध्ये हॉली बोलस या कॅलिफोर्नियातल्या ग्लायडर बनवणाऱ्या माणसाने ‘रोड चीफ’ नावाचा रिव्हेट ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर काढला. चार्ल्स लिंडबर्गचं अटलांटिक ओलांडणारं विमान तयार होत होतं तेव्हा या बोलसने त्या कामावर देखरेख केली होती. त्यामुळे त्याचा ट्रेलर विमानाच्या पोटासारखा दिसावा यात नवल नाही. १९३६मध्ये एअरस्ट्रीम कंपनीच्या वॉली बायमने त्याच धाटणीचा ‘क्लिपर’ बाजारात आणला. तेव्हाच्या मोटारींची इंजिनं दुबळी होती, आणि दुबळ्या इंजिनाला हवेची किंमत लगेच कळते. १९३५ साली शेव्हरोलेने आणलेली ‘सबर्बन कॅरीऑल’ आज मोठ्या एसयूव्हींची आद्य माता मानली जाते. अर्ध्या टनी ट्रकच्या चॅसीवर आठ माणसं बसवणाऱ्या त्या गाडीची ताकद होती ६० अश्वशक्ती. आजच्या सबर्बनच्या सर्वांत लहान इंजिनात तिच्यासारखी चार इंजिनं मावतील आणि तरी ताकद उरेल.

एअरस्ट्रीमची १९४७ची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. आल्फ्रेड लेतूर्नर हा फ्रेंच सायकलपटू सायकलला जोडून ट्रेलर ओढताना तिच्यात दिसतो. ट्रेलर किती हलका आहे हे दाखवायचा तो खटाटोप. पण त्यातून दिसतं ते वेगळंच. सपाट रस्त्यावर, माणसाच्या चालीने, चाकांवर ठेवलेलं वजन हलवायला फार जोर लागतच नाही. याच लेतूर्नरने मे १९४१मध्ये कॅलिफोर्नियात ताशी १०८.९२ मैल, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेगाने सायकल चालवली होती. तो रेसच्या मोटारीच्या मागे, तिला लावलेल्या वारा अडवणाऱ्या पडद्याच्या आडोशाने चालवत होता. समोरची हवा बाजूला सारली की एका माणसाच्या पायांत एवढा वेग निघतो. एकाच माणसाचे हे दोन पराक्रम शेजारी ठेवले की ओढकामाचं निम्मं शास्त्र हाती येतं: सपाटीवर वजन फारसं खात नाही, वेगात हवा खाते.

हे आकड्यांत मांडू. ताशी १०५ किलोमीटर वेगाने चाललेल्या मोठ्या एसयूव्हीला एकटीला हवेचा सुमारे ६५-७० किलोचा रेटा सोसावा लागतो. तिच्यामागे तीन टनांचा, सपाट तोंडाचा, खोलीएवढ्या उंचीचा ट्रेलर जोडला तर हवेचा रेटा आणखी शंभर किलोच्या आसपास वाढतो; आकाराप्रमाणे कमी-जास्त. त्याच तीन टनांचं चाकांवरचं घर्षण मात्र जेमतेम ३० किलो. शिवाय हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत चढतो. ताशी ५५ मैलांवरून ७० मैलांवर गेलं तर वेग २७ टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक मैलामागे हवेवर उधळली जाणारी ऊर्जा ६० टक्क्यांहून अधिक. चढावर चित्र बदलतं. सहा टक्क्यांच्या चढणीवर तेच तीन टन १८० किलोने मागे खेचतात, आणि तिथे वजनच मुख्य शत्रू. पण चढताना उंचीत साठवलेली ऊर्जा उतारावर काही अंशी परत मिळते. हवेला दिलेलं मात्र गेलं ते गेलंच.

हे जाणणारे लोक असतानाही युद्धानंतर ट्रेलर चौकोनी होत गेले. इंडियाना राज्यातलं एल्खार्ट हे या धंद्याचं केंद्र. लाकडी सांगाडा, वर पत्रा, सरळ भिंती हे बांधायला स्वस्त आणि राहायला ऐसपैस. गोलाई दिली की कोपऱ्यातलं कपाट जातं, पलंग आखूड होतो. गिऱ्हाईक ट्रेलर बघायला जातं ते उभ्या ट्रेलरच्या आत शिरून. धावत्या ट्रेलरच्या बाहेर उभं राहून त्याची परीक्षा कोण घेतं? पेट्रोल स्वस्त होतं, व्ही-८ इंजिनं फुगत होती, आणि १९७३नंतरच्या सबर्बनमध्ये तर ७.४ लिटरचं इंजिन मागून घेता येत होतं. हवेने मागितलेला कर मुकाट्याने भरला जात होता.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि हा कर डोळ्यांत खुपू लागला. तेव्हाचा पहिला उपाय, गंमत म्हणजे, ओढकामाच्या दृष्टीने सर्वांत अचूक होता. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ती सगळ्यांसाठी होती, पण तिचा सर्वाधिक लाभ ज्याच्यामागे चौकोनी खोली धावते आहे त्यालाच. लोकांना ती मर्यादा मनापासून आवडली नाही. १९८७मध्ये ती सैल झाली आणि १९९५मध्ये संघराज्याने ती रद्दच केली. कॅलिफोर्नियाने मात्र ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांसाठी ५५चीच मर्यादा आजही ठेवली आहे.

दुसरा उपाय टिकला आणि त्याने बाजाराचा चेहरा बदलला. डिसेंबर १९७५मध्ये अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने कंपन्यांच्या सरासरी अ‍ॅव्हरेजचा कायदा झाला. मोटारींना १९७८च्या मॉडेलपासून १८ मैल आणि १९८५पर्यंत २७.५ मैल. हलक्या ट्रकांची पट्टी वेगळी आणि सैल, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं, गवंड्याचं, सुताराचं कामाचं वाहन. १९७८मध्ये पेट्रोलखाऊ गाड्यांवर जो कर बसला तोही मोटारींवर; ट्रक सुटले. आणि ट्रक कोणता? चारही चाकांना ताकद आणि जमिनीपासून पुरेशी उंची असलेली किंवा आसनं काढून सपाट सामानाची जागा करता येणारी गाडीही त्यात बसत होती. याशिवाय मालासकट कमाल वजन ८,५०० पौंडांच्या वर असलेली गाडी या हिशेबातूनच बाहेर. सबर्बनची जड आवृत्ती या रेषेच्या किंचित वर होती. २०००चं मॉडेल म्हणून आलेली फोर्ड एक्सकर्शन तर कितीतरी वर होती आणि तिच्या काचेवर अ‍ॅव्हरेजची चिठ्ठी लावायचीही सक्ती नव्हती. अशा जड प्रवासी गाड्या नियमाच्या कक्षेत आल्या त्या २०११च्या मॉडेलपासून, एक्सकर्शन बंद पडून सहा वर्षं झाल्यावर.

यावर रास्त आक्षेप असा की सगळं खापर कायद्यावर का फोडायचं? नव्वदीच्या दशकात पेट्रोल पाण्यासारखं स्वस्त होतं, लोकांना उंच बसायचं होतं, आणि टाहो रोडमास्टरपेक्षा खरोखरच जास्त वजन ओढत होती. हे सगळं मान्य. पण ट्रेलर ओढणाऱ्या सगळ्यांनाच तेवढं वजन ओढायचं नव्हतं. ज्यांना सव्वादोन टन पुरे होते त्यांच्यासाठीची गाडी बाजारातून गेली. १९७७पासून जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या मोटारी आखूड आणि हलक्या केल्या, मग त्यातल्या बहुतेकींत इंजिनं आडवी बसवून ताकद पुढच्या चाकांना दिली. त्या गाड्या चांगल्या होत्या, फक्त मागे जड ट्रेलर लावण्याच्या कामाच्या उरल्या नाहीत. ट्रेलर असलेल्या कुटुंबाला मग ट्रककडे वळावं लागलं, आणि कायद्याने जिथे पेट्रोल वाचवलं होतं तिथून ते दुसऱ्या रकान्यात गेलं. लोकांची आवड कायद्याने घडवली असं मी म्हणत नाही. आवडीला कोणत्या वाटेने जायचं हे त्याने ठरवलं.

युरोपचा दाखलाही इथे पुढे येतो: तिथले लोक मध्यम मोटारीने कॅरव्हॅन ओढतात, मग अमेरिकनांनाच एवढं धूड का लागतं? याचं उत्तर केवळ ऐषआरामात नाही. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर टाकायची रीत आहे. युरोपात तो बराच कमी असतो. हुकवर भार जास्त असला की ट्रेलर वेगातही शेपटीसारखा झुलत नाही, पण मग गाडीचा मागचा आस दणकट हवा आणि दोन आसांमधलं अंतर लांब हवं. युरोपात झुलण्यावरचा इलाज म्हणजे वेग कमी ठेवणं. जर्मनीत कॅरव्हॅनसह ताशी ८० किलोमीटर, आणि ठरावीक अटी पाळल्या तर १००; ब्रिटनच्या मोटरवेवर ६० मैल. म्हणजे अमेरिकन गाडीचा थोरपणा ही काही अंशी वेगाची किंमत आहे, आणि त्याच वेगाची दुसरी किंमत पंपावर मोजावी लागते.

आता बटणाकडे येऊ. १९८०च्या सुमारास अमेरिकन गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला चौथा गिअर मिळाला, तो इंधन वाचवण्यासाठी. जनरल मोटर्सच्या १९८२च्या ७००आर४ या गिअरबॉक्समध्ये त्याचं प्रमाण ०.७० होतं, म्हणजे तिसऱ्या गिअरपेक्षा इंजिनाचे फेरे ३० टक्क्यांनी कमी. मोकळ्या गाडीला हे वरदान. ट्रेलर जोडला की चौथ्यात दम कमी पडायचा, गिअर तिसऱ्यात पडायचा, वेग आला की पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. या चाळ्यात इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचं कुलूप वारंवार सुटायचं, आतलं तेल घुसळून तापायचं, आणि तापलेल्या तेलाने क्लचच्या पट्ट्या जळायच्या. म्हणून मालकाला दिलेल्या पुस्तिकांतून सांगितलं जाऊ लागलं की ओढताना चौथा गिअर बंद ठेवा. ज्या गिअरने कंपनीचं अ‍ॅव्हरेज कायद्यात बसवलं, तोच ओढताना वर्ज्य! पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं, आणि १९९९च्या सिल्व्हराडो पिकअपबरोबर जनरल मोटर्सने टो-हॉल मोड दिला. पाठोपाठ तो सबर्बन-टाहोतही आला. बटण दाबलं की वरचा गिअर उशिरा पडतो, तेलाचा दाब वाढून क्लच घट्ट पकडतात, खाली-वर होणं थांबतं. नंतरच्या आवृत्त्यांत उतारावर ब्रेकला नुसता स्पर्श केला तरी गाडी खालचा गिअर घेऊन इंजिनाने वेग धरू लागली. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे आपल्याकडचा ट्रक ड्रायव्हर पहिल्याच घाटात शिकतो. तेच इथे संगणकाला शिकवलं गेलं.

या मोडने अ‍ॅव्हरेज सुधारतं, असं अनेक मालक ठामपणे म्हणतात आणि त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. तेलात गेलेली उष्णता म्हणजे वाया गेलेलं पेट्रोलच की. कन्व्हर्टर कुलूपबंद राहिला, घसरण थांबली, तर तेवढं इंधन वाचायलाच हवं. डोंगराळ रस्त्यावर, जड ट्रेलरसह, ते वाचतंही. उतारावर इंजिनाने वेग धरला असताना आधुनिक इंजिन पेट्रोलचा फवाराच बंद करतं, तोही फायदा. पण सपाट रस्त्यावर हलका ट्रेलर असेल तर तोच मोड इंजिनाला विनाकारण जास्त फेऱ्यांवर ठेवतो, आणि घर्षणात उलट जास्त जळतं. एका बाजूला कमावलेलं दुसऱ्या बाजूला जातं. हवेच्या शंभर किलोंपुढे ही देवघेव किरकोळच आहे. बटण उपयोगाचं आहे यात शंका नाही. गिअरबॉक्स आणि ब्रेक वाचवणं हे मोठं काम आहे, डोंगरात तर जीव वाचवणारं. ते काटकसरीचं साधन म्हणून विकलं जाऊ नये, इतकंच. शेजारच्या इको मोडचीही तीच कथा. तो पॅडल मवाळ करतो, पण ओढायचा भार तेवढाच असल्यामुळे पाय आणखी दाबला जातो.

मोकळ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या युक्त्या ट्रेलर लागला की एकामागून एक गळून पडतात, हा या इतिहासातला ठळक धागा आहे. १९८१मध्ये कॅडिलॅकने आठातले दोन किंवा चार सिलिंडर झोपवणारं इंजिन काढलं. ते सपशेल फसलं. २००७च्या टाहो-सबर्बनमध्ये तीच कल्पना चांगली जमली, पण ट्रेलर ओढताना आठांपैकी कोणाला झोपायची फुरसत क्वचितच मिळते. फोर्डने २०१५च्या एक्सपिडिशन या मोठ्या एसयूव्हीमधून व्ही-८ काढून टाकून ३.५ लिटरचं टर्बो व्ही-६ दिलं. छोटं इंजिन हलक्या कामात कमी पितं आणि गरज पडली की टर्बो मदतीला येतो. मात्र ओढताना ती गरज तासन्‌तास पडते, आणि सतत दाबाखालचं टर्बो इंजिन स्वतःला थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल सोडू शकतं. फोर्ड आणि जनरल मोटर्सने मिळून विकसित केलेल्या दहा गिअरांच्या गिअरबॉक्सने दोन गिअरांमधली उडी लहान केली, चढावरची धडपड कमी केली. ओढणाऱ्याला खरोखर उपयोगी पडलेली ही त्यातल्या त्यात चांगली सुधारणा. डिझेल मात्र सुरुवातीपासून ओढकामात इमानी राहिलं. १९८२च्या सबर्बनला ६.२ लिटरचं डिझेल मिळत होतं, आणि २०२१च्या आवृत्तीत ३ लिटरचं. अमेरिकेत त्याला मोठा गिऱ्हाईकवर्ग लाभला नाही.

मोजमापाचा प्रयत्न झाला तोही इंधन सोडून. कंपन्या ओढण्याच्या क्षमतेचे आकडे आपापल्या मर्जीने फुगवत होत्या, म्हणून अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ ही कसोटी ठरवली. टोयोटाने टंड्रा पिकअपसाठी ती आधी स्वीकारली, २०१५च्या सुमारास बाकीचेही आले. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा घाट हा तिचा गाभा: सुमारे १८ किलोमीटरची चढण, ९०० मीटरच्या आसपास उंची, रणरणतं ऊन, एसी पूर्ण जोरात, आणि वेग एका मर्यादेखाली येता कामा नये. ट्रेलरचं पुढचं क्षेत्रफळ किती असावं हेही कसोटीत ठरलेलं आहे. म्हणजे हवेचं महत्त्व संस्थेला पुरतं ठाऊक आहे. तरीही वर पोहोचेपर्यंत किती पेट्रोल जळलं, हे ती कसोटी विचारत नाही. सरकारी अ‍ॅव्हरेज चाचणी रोलरवर, ट्रेलरविना होते. गिऱ्हाइकाच्या हातात पडतात ते दोन आकडे: किती ओढेल आणि मोकळी किती देईल. ओढताना किती देईल हा तिसरा आकडा छापलाच जात नाही. ट्रेलरांचे आकार हजार, म्हणून एक आकडा देणं अशक्य, ही सबब अगदीच खोटी नाही. पण ठरावीक क्षेत्रफळाचा ट्रेलर घाटावर चालतो तर सपाटीवरही चालला असता.

मोठ्या मालवाहू ट्रेलरांच्या बाबतीत एकदा हे बदलायचा प्रयत्न झाला. २०१६च्या संघराज्य नियमांनी कंटेनर ओढणाऱ्या ट्रकांच्या ट्रेलरांनाही इंधनबचतीच्या कक्षेत आणलं: आकार, टायर, हवा अडवणाऱ्या कडा. ट्रेलर बनवणाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ट्रेलरांपुरते ते नियम रद्द केले. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नाही, तो इंधन जाळत नाही, म्हणून तो त्या कायद्यांच्या कक्षेत येत नाही, असं न्यायालयाने बहुमताने ठरवलं. कायद्याच्या शब्दांशी हे सुसंगत आहे, पदार्थविज्ञानाशी नाही.

विजेवर चालणाऱ्या पिकअप आणि एसयूव्ही आल्यावर मात्र ही बाब झाकून ठेवणं अवघड झालं. पेट्रोलची टाकी मोठी करून अ‍ॅव्हरेज लपवता येतं. बॅटरी इतक्या सहज मोठी करता येत नाही. उंच चौकोनी ट्रेलर जोडला की एका चार्जमधला पल्ला ढोबळमानाने निम्म्यावर येतो, आणि हे पहिल्याच सहलीत कळतं. म्हणून २०२२मध्ये एअरस्ट्रीमने ई-स्ट्रीम हा नमुना दाखवला, ज्यात ट्रेलरच्या आसावरच मोटर आणि बॅटरी आहे. दुसऱ्या एका नव्या कंपनीने प्रवासात छत खाली बसणारा ट्रेलर काढला. मुक्कामाला पोहोचलं की ते वर चढतं. काही विजेच्या पिकअपमध्ये तर ट्रेलर जोडताना पडद्यावर त्याच्या वजनाबरोबर उंची-रुंदीही भरता येते, आणि पल्ल्याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. त्याच गाड्यांच्या काचेवर सरकारी नियमाने चिकटवलेला पल्ला मात्र अजूनही ट्रेलरविना मोजलेलाच असतो.